दहावी फीत

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी, मुक्ताने माझ्या शेजारी उभं राहून जंगलात बांधलेल्या फिती मोजल्या. दहा भरल्या. त्या वेळी बांधलेल्या सगळ्या फिती माझ्या जॅकेटच्या खिशात होत्या, आणि त्या नऊ होत्या.

या सदरातले अनुभव मी वाचत आलोय, लिहितोय पहिल्यांदाच. अमेरिकेत येण्याआधी मी एकोणीस वर्षं नाशिकला एका दैनिकात होतो. जिल्ह्यातून अशा बातम्या यायच्या... रात्रीत जागा बदललेला दगड, बंद खोलीतला दिवा. त्या कापायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते आनंदाने करायचो. बातमीदार पोरांना माझं एकच सांगणं असे, दोन साक्षीदार आण आणि एक फोटो आण, मग बोलू. आज माझ्याकडे फोटो नाही, हे आधीच सांगून टाकतो. साक्षीदार दोनच आहेत आणि त्यातला एक मी. वेळा मात्र खात्रीच्या आहेत, कारण वही हातात होती.

मुक्ता ही माझ्या मित्राची, विश्वासची, मुलगी. विश्वास मूळचा नागपूरचा. आधी एडिसनला होता, मुक्ताचा जन्म तिथला. आता तो आमच्याच मॉरिसव्हिलमध्ये, पायी दहा मिनिटांवर राहतो. मुक्ता अठ्ठावीस वर्षांची आहे. ती जमीन मोजणीचं काम करते. आपल्याकडे हद्दीवरून भांडण झालं की मोजणीवाले येतात, तेच काम, फक्त इथे यंत्रं भारी आणि चालणं जास्त. तिच्या टीममधल्या एका जुन्या माणसाने तिला धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायला शिकवलं. रीतसर लायसन्स काढून, हंगामात, जमीनमालकाच्या परवानगीने. तिचा हा तिसरा हंगाम होता. आधीच्या दोन्ही वर्षी तिने एकेक हरीण मारलं होतं आणि दोन्ही तिच्या नजरेसमोरच पडली होती.

विश्वासला हे पसंत नव्हतं. त्याला रविवारी मटण लागतं, त्यामुळे प्रश्न मांसाचा नव्हता. मुक्ता त्याला चिडवायची, की बाबा, तुमचं बोकड पाकिटात जन्माला येतं का? त्याचं म्हणणं असं की बाणाने जनावर जागच्या जागी मरत नाही, नेम चुकला तर ते अर्धमेलं होऊन कुठेतरी जातं, आणि ते त्याला बघवणार नाही. शेवटी दोघांत एक ठरलं. जखमी केलेलं एक जरी जनावर तिला शोधून काढता आलं नाही, तर त्या दिवसापासून धनुष्य बंद. मुक्ताने त्यावर हात मिळवला होता. हे मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलेलं आहे आणि दोघांचे शब्द जुळतात.

मी तिच्यासोबत गेलो ते आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी. इथे वाढलेल्या मुलांवर लेख करायचा होता. सगळ्यांची मुलं डॉक्टर नाहीतर सॉफ्टवेअर, म्हटलं ही वेगळी आहे.

जागा मॉरिसव्हिलपासून सव्वा तासावर, व्हर्जिनियाच्या सीमेच्या अलीकडे. रॉय नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची जमीन. पूर्वी तिथे तंबाखू व्हायची, आता चाळीस-पन्नास वर्षांचं जंगल आहे. ओक, पाइन आणि मधूनमधून होलीची काटेरी पानांची हिरवी झुडपं. आम्ही पहाटे तिच्या पिकअप ट्रकने निघून साडेसहाला पोचलो आणि शिकारी ज्याला ब्लाइंड म्हणतात त्या तंबूसारख्या कापडी आडोशात दोन घडीच्या खुर्च्यांवर बसलो. माझे बूट बघून ती म्हणाली, "काका, हे तुम्ही ऑफिसला घालता ना?" मी हो म्हणालो. ती खुर्ची पुढे ओढून कापडाच्या फटीतून बाहेर बघायला लागली.

सात बावन्नला हरीण आलं. नर, शिंगांना सहा टोकं. वीस पावलांवर आडवं उभं राहिलं. मुक्ताने टोकांना छोट्या कप्प्या असलेलं ते आधुनिक धनुष्य ओढलं, थांबली, आणि बाण सोडला. त्याच क्षणी हरणाने एक पाऊल पुढे टाकलं.

बाण खांद्यामागे लागायला हवा होता. तो वीतभर आणखी मागे, पोटात लागला. हरीण उधळलं नाही. त्याने पाठीची कमान केली, शेपटी खाली घातली आणि हळूहळू चालत झाडांत गेलं. ते चालणं मी आयुष्यात विसरणार नाही, आणि मुक्ताला त्याचा अर्थ माहीत होता.

तिने धनुष्य खाली ठेवलं. होकायंत्र काढून हरीण दिसेनासं झालं ती दिशा घेतली आणि मला वहीत लिहायला सांगितली. मग म्हणाली, "बाण मागे लागला. चूक माझी आहे. ते पाऊल उचलणार हे मला दिसलं होतं, तरी मी सोडला."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं. चूक झाल्यावर दुसऱ्या मिनिटाला, कुणी विचारलेलं नसताना असं बोलणारी माणसं मला नोकरीच्या सगळ्या वर्षांत फार थोडी भेटली.

अर्धा तास आम्ही जागचे हललो नाही. मग ती एकटी जाऊन बाण घेऊन आली. त्यावर रक्त कमी होतं आणि हिरवट काहीतरी लागलेलं होतं. तिने वास घेतला आणि माझ्यापुढे धरला. आंबट वास होता. म्हणजे पोटच, ती म्हणाली. आता किमान सहा तास त्याच्या मागे जायचं नाही. आम्ही ब्लाइंड तसाच सोडला, आलो त्या वाटेने न जाता मोठा वळसा घालून ट्रककडे गेलो.

तिथून तिने तीन फोन केले. पहिला रॉयला, जे झालं ते सांगायला. दुसरा पलीकडच्या जमिनीच्या मालकिणीला, हरीण कुंपण ओलांडून गेलं तर आत येऊ का हे विचारायला. ती हो म्हणाली. तिसरा विश्वासला. हा करायची काही गरज नव्हती. संध्याकाळी हरीण सापडलं असतं तर त्याला कळलंही नसतं. तिने फोन स्पीकरवर ठेवला होता, म्हणून मी ऐकलं.

"बाबा, शॉट वाईट झाला."

 मग विश्वासने विचारलं, "मेलं नाही?"

"नाही. दोननंतर शोधायला जाणार."

"दोन? आत्ता नऊ वाजलेत. ते तिकडे तडफडत असताना तू बसून राहणार?"

"मी आत्ता गेले तर ते उठेल, बाबा. पळेल. मग उद्यापर्यंत मरत राहील, आणि मला कधीच सापडणार नाही. मला आत्ता जावंसं वाटतंय, ते माझ्यासाठी आहे. थांबायचं ते त्याच्यासाठी."

"आणि नाही सापडलं तर?"

"आपलं ठरलंय ना."

विश्वास बरं म्हणाला आणि फोन ठेवला.

ती पाच तास ट्रकच्या मागच्या फळीवर बसून होती. माझ्याकडे बटाट्याच्या भाजीचे पोळीचे रोल होते. मी दोन खाल्ले, तिने घेतला नाही. चहा घेतला. एकदा मी म्हणालो, की निवडणुकीच्या निकालाला आम्ही असेच ताटकळायचो. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत असायचं की कुणीतरी जिंकणारच आहे." दर तासाला ती वाऱ्याची दिशा बघायची, आणि बाकी वेळ फक्त जंगलाकडे बघत बसायची. दोन वाजता मी उठलो, तर म्हणाली अजून दहा मिनिटं. दोन दहाला आम्ही आत गेलो.

आता माझ्या चुकीबद्दल.

रक्ताचा माग काढायची तिची पद्धत अशी. रक्ताचा थेंब सापडला की तिथल्या फांदीला कमरेच्या उंचीवर फीत बांधायची. ही मोजणीवाल्यांची प्लास्टिकची फीत, झगझगीत राणी रंगाची. सोबतचा माणूस त्या फितीपाशी उभा राहतो, हलत नाही. ती पुढे वाकून वाकून पुढचा थेंब शोधते. सापडला की हाक मारते, मग त्या माणसाने तिथे जायचं. तो माणूस मी. ती पूर्ण वेळ जमिनीकडे किंवा पुढे बघत होती. मागे मी काय करतोय याकडे तिचं लक्ष असण्याचं कारण नव्हतं.

मी प्रत्येक ठिकाणाहून निघताना फीत सोडून खिशात घालत होतो.

आमच्या मंडळातर्फे दर महिन्याला इथल्या पायवाटांची साफसफाई असते. तिचं संयोजन माझ्याकडे आहे. मुलं मला कचराकाका म्हणतात. कचऱ्याचा डबा वेळेत आत घेतला नाही म्हणून सोसायटीकडून दोन ताकीदपत्रं आलेला मी माणूस. जंगलात प्लास्टिक ठेवून जायचं माझ्या मनातही येईना. त्या ठिकाणचं काम झालं, फीत काढली. मी मदत करतोय अशीच माझी समजूत होती. फिती कशासाठी आहेत हे मी विचारलं नव्हतं. एकोणीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरलेल्या माणसाने हे लिहिणं सोपं नाही.

नववी फीत तीन वाजता बांधली. तिच्यापुढे पाइनच्या सुयांचा जाड थर होता आणि रक्त संपलं. मुक्ताने आधी अर्धवर्तुळ, मग मोठं अर्धवर्तुळ, मग गुडघ्यांवर बसून हातभर हातभर जमीन तपासली. तीन चाळीसला ती परत माझ्यापाशी आली. गुडघे ओले, चेहरा पांढरा. सूर्य मावळायला अडीच तास होते. या वेळेपर्यंत नववी फीतही सुटून माझ्या खिशात गेली होती, कारण आता ही जागा सोडायची असं मी धरून चाललो होतो.

"काका, जरा बाजूला व्हा. मला लाइन बघू दे."

ती आलो त्या दिशेला तोंड करून उभी राहिली. तेव्हा मला कळलं की फिती मागे वळून बघण्यासाठी असतात. मान खाली घालून चालताना जनावराची वाट कळत नाही. सगळ्या फिती एका नजरेत आल्या की ते कुठे वळत होतं ते कळतं.  मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती बोटाने मोजायला लागली.

ही नववी. आठवी. सातवी. सहावी, पडलेल्या ओंडक्याजवळ. पाचवी... प्रत्येक फितीकडे तिने बोट केलं आणि बोट बरोबर जागेवर जात होतं. मीही बघत होतो. मला फक्त झाडं दिसत होती. मला वाटलं, ही आठवणीतून मोजतेय, मोजणीवाली आहे, तिला जागा पाठ असणार. वाचलो, असंही वाटलं. हेही लिहायला हवं.

मग ती म्हणाली, "सातवीच्या उजवीकडे एक आहे. होलीला. ती तुम्ही बांधली का?"

मी नाही म्हणालो.

"मग मीच बांधली असेल. दहा." तिने सगळ्या रांगेवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. "ते इथपर्यंत आलं आणि आपल्याच वाटेने मागे फिरलं, काका. म्हणून पुढे काही नाही. तिथून खाली उतरलंय."

ती सरळ निघाली. मी मागून. सातव्या जागेच्या उजवीकडे तंबाखूच्या काळातला शेताचा जुना बांध आहे, त्यावर झाडं वाढलेली. ती बांधावर चढली, पलीकडे उतरली आणि लगेच तिची मान खाली गेली. तिथे छातीइतकं उंच होलीचं झुडूप होतं. त्याच्या बुंध्याशी ओकच्या एका पानावर रक्त होतं, उडदाएवढं, सुकून काळं झालेलं. मी झुडपाभोवती फिरलो. फीत नव्हती. तिचं तिकडे लक्षच नव्हतं, ती पुढचा थेंब शोधत होती, आणि तो तिला दोन पावलांवर सापडला.

तिथून एकसष्ट पावलांवर, ओहोळाच्या काठाखाली हरीण होतं. ज्या वाटेने आलं तिकडे तोंड करून बसल्यासारखं. अंग ताठ झालेलं होतं. मुक्ताने हातमोजा काढून त्याच्या मानेवर हात ठेवला, खालची माती बघितली, आजूबाजूची पानं बघितली. ते एकदाच बसलं होतं आणि तिथून उठलं नव्हतं. आम्ही ट्रकजवळ बसलो होतो त्या वेळातच केव्हातरी ते गेलं असावं, असं तिने मला नोंदवायला सांगितलं. वेळ चार वाजून दोन मिनिटं.

मग ती उभी राहिली. म्हणाली, "चला, फिती काढत जाऊ या."

मी खिशातून मूठ काढली आणि तिच्यासमोर उघडली.

तिने त्या मोजल्या. प्रत्येक फितीला तिच्या गाठीची चुणी अजून होती. नऊ. केव्हा काढल्या, तिने विचारलं. मी सांगितलं, प्रत्येक वेळी, निघताना. मी मोजायला उभी राहिले तेव्हा? तेव्हा सगळ्या इथेच, खिशात, मी म्हणालो. ती माझ्यावर चिडली नाही. फिती कशासाठी असतात ते आपणच आधी सांगायला हवं होतं, असं म्हणाली, आणि ते तिच्या मनापासूनचं होतं. चार वाजून अकरा मिनिटांनी तिने मला एकच प्रश्न विचारला.

"मग मी काय बघितलं?"

 आम्ही परत बांध चढलो, उतरलो, होलीच्या भोवती, सातव्या जागेच्या भोवती, सगळीकडे बघितलं. दुसऱ्या कुणाच्या मोजणीची जुनी फीत असेल, एखादा फुगा, चॉकलेटचा कागद. काही नव्हतं. ऑक्टोबरमध्ये इथे पानं लाल असतात, पिवळी असतात, नारिंगी असतात. राणी रंगाचं पान मला त्या जंगलात दिसलं नाही.

नऊ फितींच्या जागा तिला पाठ होत्या, हे मी आजही मान्य करायला तयार आहे. दहाव्या जागी ती त्याआधी कधी गेली नव्हती.

हरीण बाहेर काढायला रॉय त्याचा ट्रॅक्टर घेऊन आला. तिने त्याची नोंद फोनवरून सरकारी यंत्रणेत केली. पोटाकडचं मांस फेकावं लागलं, बाकीचं चांगलं निघालं. अर्धं रॉयला दिलं. रॉयला तिने फितीचं सांगितलं. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि ट्रॅक्टर सुरू केला.

रविवारी संध्याकाळी मी विश्वासकडे होतो. मुक्ताने त्याला सगळं सांगितलं, माझा खिसा वगळता. तो मी सांगितला. गेली तीन वर्षं हे बंद कर म्हणणारा विश्वास म्हणाला, "सापडलं ना? मग विषय संपला."

"आपलं काय ठरलं होतं? मला शोधून काढता आलं नाही तर."

"तूच काढलंस की! अजून कोण होतं तिथे? हा कचरा गोळा करत होता."

"मला ते झुडूप मी उभी होते तिथून दिसत असेल तर मी काढलं. कदाचित रक्त दिसलं असेल आणि मला कळलं नसेल. तिथून ते दिसतच नसेल, तर ते मला सापडलं असं मी कसं म्हणू?"

"यार, तू वकील व्हायला हवी होतीस," विश्वास म्हणाला. मग तो माझ्याकडे वळला, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी वहीत नवव्या फितीचं पान उघडलं.

पुढच्या शनिवारी सकाळी दहा वाजता आम्ही तिघं रॉयच्या जमिनीवर गेलो. नऊ फिती मुक्ताने नऊ जागी पुन्हा बांधल्या, दहावी होलीच्या झुडपाला. जागा माझ्या वहीशी ताडून घेतल्या. नवव्या जागी, ती उभी होती तिथे, तिने तिपाईवर दुर्बिणीचं मोजणीयंत्र लावलं. यंत्राची उंची तिच्या डोळ्यांच्या उंचीइतकी ठेवली. विश्वासला मोजपट्टीची काठी देऊन होलीपाशी उभं केलं.

दुर्बिणीतून आठवी फीत दिसली. सातवी दिसली, सहावी दिसली. मागच्याही, झाडांच्या फटीतून का होईना, एकेक करून सापडल्या. होलीच्या दिशेला बांध दिसत होता. तिने विश्वासला काठी वर उचलायला सांगितलं, अजून वर, अजून. काठीचं टोक बांधाच्या वर आलं तेव्हा ते जमिनीपासून दोन मीटर दहा सेंटिमीटरवर होती. झुडपाची उंची एक मीटर छत्तीस. यंत्र काढून ठेवून तिने त्याच जागी उभं राहून नुसत्या डोळ्यांनी बघितलं. मग मला उभं केलं, मग विश्वासला बोलावून त्याला. विश्वास टाचा उंच करून बघत राहिला. म्हणाला, थोडं डावीकडून बघितलं तर? मुक्ताने डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. दोन-दोन मीटर सरकून.

अकरा चाळीसला तिने तिच्या मोजणीच्या वहीत दोन ओळी लिहिल्या. इंग्रजीत आहेत. अर्थ असा की नवव्या ठिकाणाहून होलीचं झुडूप दिसत नाही, मध्ये बांध आहे. खाली सही, तारीख.

त्याच संध्याकाळी तिने धनुष्य त्याच्या पेटीत घालून विश्वासच्या गॅरेजमध्ये वरच्या फळीवर ठेवलं. विश्वासने तिला ते परत न्यायला दोनदा सांगितलं आहे, एकदा माझ्यासमोर. या वर्षीचा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू झाला. तिने लायसन्स काढलेलं नाही. काल मी विश्वासकडे गेलो होतो. पेटी फळीवरच आहे.